बोहेमियाची बिननावी काच

बोहेमियाच्या नैर्ऋत्य सीमेवर शुमावा नावाचे अरण्य पसरलेले आहे. आजच्या चेक प्रजासत्ताकाची जर्मनी आणि ऑस्ट्रियाशी असलेली सरहद्द याच अरण्यातून जाते. उंच सूचिपर्णी वृक्ष, दलदलीची पठारे आणि खडकांवरून घुमत जाणारे चहाच्या रंगाचे पाणी असे या प्रदेशाचे रूप आहे. व्हिड्रा आणि क्रेमेल्ना हे दोन प्रवाह एकत्र येऊन ओतावा नदी होते आणि तिच्या काठाने थोडे खाली उतरले की रेइश्टेइन हे लहानसे गाव लागते. गावाजवळच्या वस्तीचे नाव क्लाश्टर्स्की म्लिन, म्हणजे मठाची गिरणी. जर्मन भाषेत तिलाच क्लोस्टरम्यूले म्हणत. नकाशात शोधूनही चटकन न सापडणाऱ्या या वस्तीत १९०० च्या सुमारास घडलेल्या काचेच्या फुलदाण्या आज जगातील मोठ्या संग्रहालयांत आणि लिलावगृहांत मानाने ठेवल्या जातात.

काचेचा धंदा अरण्यात का वाढला, हे व्यापारी वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही. भट्टीला अहोरात्र लाकूड हवे, ते येथे होते. त्याच लाकडाची राख धुऊन काढलेला क्षार वाळू वितळवण्यास उपयोगी पडे. गारगोटीचा दगड डोंगरात होता आणि तो कुटण्यास व तयार काच घासण्यास लागणारे चाक फिरवायला नदी होती. कच्चा माल आणि इंधन एका जागी, तर ग्राहक व्हिएन्ना, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क येथे. सरहद्दीच्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या जर्मनभाषक काचकारागिरांची कुटुंबे या एकाच विद्येवर जगत आली.

क्लाश्टर्स्की म्लिनचा कारखाना १८३६ मध्ये योहान आइस्नर याने सुरू केला. पुढे तो फ्रान्त्स गेर्स्टनर आणि त्याची पत्नी सुझाना यांच्याकडे आला. सुझाना ही योहान लोट्झ या काच-व्यावसायिकाची विधवा, गेर्स्टनरशी तिचा दुसरा विवाह झालेला. १८५५ मध्ये गेर्स्टनरही वारला आणि त्यानंतरची वीसहून अधिक वर्षे सुझानाने हा कारखाना एकटीने चालवला, वाढवला. पेढीचे नाव मात्र ‘योहान लोट्झ विट्व’ असे रूढ झाले, म्हणजे ‘योहान लोट्झची विधवा’. ज्या लोट्झच्या नावाने आज ही काच ओळखली जाते, तो ही भट्टी या कुटुंबाकडे येण्यापूर्वीच, १८४४ मध्ये, निवर्तला होता. जिने ती खरोखर चालवली तिचे स्वतःचे नाव पाटीवर आले नाही. नावांचा हा घोळ या काचेच्या मागे पहिल्यापासूनच लागलेला आहे.

१८७९ मध्ये सुझानाने कारखाना आपल्या मुलीच्या मुलाच्या, माक्स फॉन श्पाउनच्या, स्वाधीन केला. श्पाउनने पुढच्याच वर्षी एदुआर्द प्रोखास्का हा जाणकार व्यवस्थापक नेमला आणि या दोघांनी मिळून जे घडवले त्याने लोट्झचे नाव झाले. तापलेल्या काचेवर कथिलासारख्या धातूच्या क्षारांची वाफ सोडली की पृष्ठभागावर अत्यंत पातळ थर बसतो आणि त्यावर प्रकाश पडताच मोराच्या पिसाऱ्यासारखे रंग हलू लागतात. ही मोरपंखी झिलई व्हिएन्नाच्या लोबमायर पेढीने १८७३ च्या जागतिक प्रदर्शनात मांडली होतीच. अमेरिकेत टिफनी यांनी तिला नवे वैभव दिले. श्पाउनने टिफनीचा माल पाहिला आणि नकलेवर न थांबता आपली स्वतःची वाट काढली. काचेचे धागे ऊन अंगावर गुंडाळायचे, आकड्याने ओढून त्यांच्या लाटा करायच्या, त्यांतून रुपेरी झाक खेळवायची, अशा पद्धतीचे ‘फेनोमेन’ या नावाचे पेटंट १८९८ चे आहे. ‘पापियों’, म्हणजे फुलपाखरू, या नावाच्या दुसऱ्या प्रकारात फुलदाणीवर तेलाच्या थेंबांसारखे चमकते ठिपके विखुरलेले दिसतात. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लोट्झला सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

आता या फुलदाणीचे बूड उलटे करून पाहावे. बहुतेक वेळा तेथे काहीही लिहिलेले नसते.

आपल्याकडील सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क असतो, अँटवर्पहून येणाऱ्या हिऱ्याबरोबर प्रमाणपत्र येते. त्या काळच्या बोहेमियन काचेला असे काही नव्हते. लोट्झचा माल व्हिएन्नाच्या बाकालोविट्ससारख्या मोठ्या दुकानांतून विकला जाई. कित्येकदा आकृतीही दुकानदारच आणून देई, कोलोमान मोझर किंवा योझेफ हॉफमान यांच्यासारख्या कलावंतांकडून काढून घेतलेली. अशा दुकानदाराला मालावर कारखान्याचे नाव नको असे, हे कोणत्याही घाऊक व्यापाऱ्याला पटेल. निर्यातीच्या काही नगांवर ‘लोट्झ ऑस्ट्रिया’ असे कोरले गेले, काहींवर एकमेकांवर ठेवलेल्या बाणांचे चिन्ह आले. उरलेला मोठा माल मुका राहिला.

मुक्या वस्तूला नाव देणारे पुष्कळ असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही काच पुन्हा फॅशनमध्ये आली, भाव चढले आणि मोरपंखी झिलईची प्रत्येक बिननावी फुलदाणी ‘लोट्झ’ होऊ लागली. काहींच्या तळाशी तर अलीकडच्या सुईने सहीही कोरली गेली. म्हणून जाणकार सहीला आरंभी फारसे महत्त्व देत नाहीत. आधी भांडे पाहतात, मग सही. शंभर वर्षे मेजांवर सरकलेल्या तळावर बारीक ओरखड्यांचे एक कडे उमटलेले असते. सहीची रेघ त्या ओरखड्यांच्या वरून गेलेली दिसली तर ती त्यांच्यानंतरची आहे, एवढे साधे गणित.

खरी ओळख कोठून पटते, याचे उत्तर कागदात आहे. क्लाश्टर्स्की म्लिनमध्ये प्रत्येक आकाराचा पूर्ण मापाचा कागदी नमुना कापून ठेवत. फुलदाणीची बाह्यरेषा, तिचा क्रमांक आणि बऱ्याचदा सजावटीच्या नोंदी त्यावर असत. साचा करणारा आणि फुंकणारा याच कागदावरून काम करी. कारखाना दिवाळखोरी, आग आणि दोन महायुद्धे यांतून रखडत १९४७ मध्ये कायमचा बंद पडला. काच जगभर पांगली, पण या नमुन्यांचा मोठा भाग वाचला. अभ्यासकांनी ते जुळवले आणि १९८९ मध्ये लोट्झवर दोन खंडांचा जर्मन ग्रंथ निघाला. त्याचा एक खंड या कागदी आकृत्यांनाच वाहिलेला आहे. रेइश्टेइनपासून जवळच काश्पेर्स्के होरी या जुन्या खाणकामाच्या गावात शुमावा संग्रहालय आहे. तेथील कपाटांत लोट्झची काच तिच्या जन्मभूमीतच पाहता येते. सरहद्दीपलीकडे जर्मनीतील पासाउ येथे बोहेमियन काचेचे अफाट संग्रहालय आहे. १९८५ मध्ये त्याचे उद्घाटन चंद्रावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँग यांच्या हस्ते झाले, हा एक मौजेचा योग.

कागदी नमुन्यांनी दोन कामे केली. काही मुक्या फुलदाण्यांना त्यांनी हक्काचे नाव दिले. त्याहून अधिक फुलदाण्यांचे उसने नाव त्यांनी काढून घेतले, कारण त्यांचा आकार कोणत्याच कागदात बसेना. मग त्या कोणाच्या, हा प्रश्न उभा राहिला आणि त्याच्या शोधात आग्नेयेला लेनोरापर्यंत जावे लागते.

लेनोरा हे याच अरण्यातले, उष्ण व्ल्तावा म्हणवणाऱ्या प्रवाहाकाठचे गाव. जंगलातून वाहत येणारे ओंडके अडवण्यासाठी बांधलेला छपराचा लाकडी पूल येथे अजून उभा आहे. १८३४ मध्ये योहान मायर याने येथे भट्टी पेटवली आणि जमीनदार श्वार्त्सेनबेर्ग घराण्यातील एलेओनोरा हिच्या नावावरून वस्तीला एलेओनोरेनहाइन म्हणू लागले. पुढे कारखाना विल्हेल्म क्रालिककडे आला आणि त्याच्या मृत्यूनंतर ‘विल्हेल्म क्रालिक झोन’ ही पेढी प्रसिद्धीस आली. क्रालिकचा माल मध्यमवर्गाच्या घरांसाठी होता. संख्येने मोठा, किमतीने बेताचा, आकारांची विविधता विलक्षण. मोरपंखी झिलई, काचेचे धागे, ठोकलेल्या पत्र्यासारखा खडबडीत पृष्ठभाग, धातूच्या कोंदणात बसवलेली पात्रे, सगळे येथे झाले आणि जवळजवळ सगळे सहीशिवाय बाहेर पडले. क्रालिकच्या बाजूने लोट्झइतका भक्कम कागदी पुरावा उभा नाही. म्हणून ओळख ताडून पाहण्यातूनच होते. एखाद्या नगावर ‘चेकोस्लोव्हाकिया’चा शिक्का सापडतो, तोच आकार दुसऱ्या रंगात मिळतो, तोच रंग तिसऱ्या आकारावर दिसतो आणि अशी साखळी जोडत जोडत एक कुटुंब उभे राहते. लोट्झ म्हणून मिरवलेल्या कित्येक फुलदाण्या या साखळीत येऊन बसल्या. लेनोराची भट्टी १९९० च्या दशकात थंडावली. ज्या कारागिरांचे काम इतकी वर्षे शेजाऱ्याच्या नावावर जमा होत होते, त्यांचे नाव गावाला परत मिळाले ते भट्टी विझत असताना आणि विझल्यानंतर.

याचा आर्थिक अर्थ उघड आहे. तीच फुलदाणी, तोच रंग, तीच उंची, पण चिठ्ठीवरचे नाव लोट्झवरून क्रालिकवर गेले की किंमत कित्येक पटींनी उतरते. विक्रेत्याला हा बदल नको असतो आणि ज्याने आधीच पैसे मोजले त्या संग्राहकालाही नको असतो. तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोट्या वजनमापाच्या लगेच पुढे ‘प्रतिरूपक-व्यवहार’ येतो, म्हणजे अस्सलाच्या जागी त्यासारखे दिसणारे देणे. येथे कोणी म्हणेल की फुलदाणी खोटी नाही, जुनी आहे, बोहेमियाचीच आहे, सुंदरही आहे. ते सर्व खरे. परंतु ग्राहक ज्या वस्तूचे पैसे देतो ती काच नसून नाव असेल, तर वजनात खोट नावातच झाली. याउलट प्रामाणिक सूचीत ‘बोहेमिया, सुमारे १९००, बहुधा क्रालिक’ असे लिहिलेले आढळते. ‘स्यात्’ या शब्दाची सवय असलेल्या समाजाला त्या ‘बहुधा’चे मोल निराळे सांगायला नको. आकाराच्या अपेक्षेने क्रालिक, रंगाच्या अपेक्षेने अनिश्चित, तळाच्या घासाईच्या अपेक्षेने लोट्झ नव्हे, असे विधान दुबळे नसते. ते तपासता येते आणि नवा पुरावा मिळाला तर सुधारताही येते.

तळावरच्या शिक्क्यांबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यान्वये आयात मालावर मूळ देशाचे नाव असणे पुढील वर्षापासून आवश्यक झाले. बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होता, म्हणून शिक्का ‘ऑस्ट्रिया’चा. १९१८ मध्ये साम्राज्य मोडून चेकोस्लोव्हाकिया झाला आणि शिक्काही बदलला. तेव्हा शिक्क्यावरून काळाची कमाल-किमान मर्यादा कळते, कारखाना नव्हे. शिक्का नसलेली वस्तू १८९१ पूर्वीचीच, असेही होत नाही. युरोपात राहिलेल्या मालावर तो नसे आणि कागदी चिठ्ठ्या तर पहिल्या धुण्यातच निघून जात. युरेनियमच्या काचेचेही तसेच. याखिमोवच्या खाणींतील युरेनियम बोहेमियात एकोणिसाव्या शतकापासून काच पिवळी-हिरवी करण्यासाठी वापरत आणि अतिनील दिव्याखाली ती काच हिरवी पेटते. ते पाहून मन हरखते खरे, पण त्या उजेडात धातू दिसतो, कारागीर दिसत नाही.

कार्लोवी वारीला भारतीय प्रवासी पुष्कळ जातात, उष्ण झऱ्यांच्या पाण्यासाठी. तेथील मोझरचा कारखाना आजही चालू आहे आणि त्याच्या मालावर सही असते, त्यामुळे त्याचे कोडे सोपे. लुडविग मोझरने १८५७ मध्ये सजावटीचा व्यवसाय सुरू केला, स्वतःची भट्टी १८९३ मध्ये घातली. येथील ‘अलेक्झांड्राइट’ काच दिवसाच्या उजेडात जांभळट आणि ट्यूबलाइटखाली निळसर दिसते. दुकानात गेल्यास ती दाराशी नेऊन पाहावी. वर उल्लेखिलेल्या कोलोमान मोझरचा या घराण्याशी संबंध नाही, आडनावांची केवळ गाठ पडली आहे. हे ज्यू कुटुंब होते आणि नाझी काळात त्यांना आपला कारखाना आणि देश दोन्ही सोडावे लागले.

उत्तरेस टेप्लित्से शहराजवळ कोश्त्यानी हे गाव आहे. एकाच गावात दोन स्पर्धक, रिंड्सकॉफ आणि पाल्मे-क्यॉनिग. पहिल्याची ओळख ढगांसारख्या सरमिसळ रंगांची, दुसऱ्याची ओळख भांड्याभोवती जाळ्यासारख्या विणलेल्या काचेच्या धाग्यांची. जाळे दिसताच पाल्मे-क्यॉनिग म्हणण्याचा मोह होतो. तोही आवरावा, कारण तसा माल लेनोरातही झाला आहे.

याहून गुंतागुंतीचे प्रकरण पुढे पूर्वेकडे, नोवी बोर आणि कामेनित्स्की शेनोव या जोडगावांत आहे. कामेनित्स्की शेनोवची काचविद्येची शाळा १८५६ ची. नोवी बोरचा फ्रीडरिख एगरमान याने दगडासारखी दिसणारी ‘लिथियालिन’ काच आणि लाल रंगाचा लेप शोधून काढला. पण या गावांचा मुख्य धंदा काच वितळवण्याचा नव्हताच. ते कोरी काच विकत आणत आणि तीवर रंगकाम, सोनेरी काम, कोरीव काम करून पाठवत. इचलकरंजीच्या मागावर विणलेले कोरे कापड दुसऱ्या गावी रंगते, छापले जाते आणि तिसऱ्याच्या नावाने दुकानात येते, तसे. अशा फुलदाणीचा ‘कर्ता’ कोणता? ज्याने फुंकली तो, ज्याने रंगवली तो, की ज्याच्या पेढीने विकली तो? जुन्या सूच्यांनी हा प्रश्न विचारलाच नाही. त्यांनी सर्वांत मोठे नाव उचलले आणि लिहून टाकले. एका वस्तूला तीन जनक असू शकतात आणि तिघांची नावे अलग लिहिता येतात, ही जाणीव अलीकडची आहे.

तिचे उत्तम उदाहरण क्रकोनोशे पर्वतातील हाराखोव येथे मिळते. हाराख या उमराव घराण्याच्या या कारखान्याचा इतिहास १७१२ पासूनचा आहे आणि भट्टी आजही पेटलेली आहे. नोवी स्व्येत, म्हणजे नवे जग, हे त्या वस्तीचे जुने नाव. हाराखची भट्टी इतर पेढ्यांना कोरी काच पुरवी, लोबमायरलाही आणि मोझरलाही. सुदैवाने हाराखच्या नमुना-वह्या टिकल्या. त्या उघडल्या गेल्या तेव्हा मोझरची म्हणून जपलेली, सोन्याने आणि मीनाकामाने मढलेली कित्येक पात्रे मुळात हाराखची असल्याचे आढळले. येथे पाण्यावर चालणारा घासाईचा जुना विभाग आहे. लांब दांडे आणि चामडी पट्टे फिरतात आणि कारागीर ओल्या चाकावर काच धरून बसतात. कारखान्यालगत संग्रहालय आहे.

इतकी नावे हरवली कशी, हा प्रश्न या प्रवासात वारंवार पडतो. दुकानदारांची गरज हे एक कारण झाले. दुसरे कारण १९४५-४६ चे आहे. युद्ध संपताच चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मनभाषक लोकांना घालवून देण्यात आले आणि त्यांत डोंगरातील काचगावेच्या गावे रिकामी झाली. ज्यू मालकांची घराणी त्याआधीच उद्ध्वस्त झाली होती. कारखाने सरकारजमा झाले. वह्या, पत्रे, दरपत्रके कोणी नेली, काही जळाली, काही तशीच पडून राहिली. ‘हे भांडे आमच्या आजोबांनी फुंकले’ असे सांगू शकणारा माणूस त्या गावात उरला नाही. तो बव्हेरियात कोठेतरी नवे घर बांधत होता.

हाराखोवहून प्रागकडे परतताना याब्लोनेत्स लागते, जर्मन नाव गाब्लोन्झ. येथून गेलेल्या लोकांनी बव्हेरियातील काउफबॉयरेनजवळ नॉयगाब्लोन्झ, म्हणजे नवे गाब्लोन्झ, वसवले. या शहराचे नाव आपल्या घरांत कोणाला ठाऊक नसेल, पण त्याचा माल मात्र ठाऊक होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गाब्लोन्झच्या पेढ्या काचेचे मणी आणि बांगड्या जहाजे भरभरून हिंदुस्थानात पाठवत. मुंबईत उतरलेला हा माल देशभरच्या पेठांत जाई. फिरोझाबादच्या भट्ट्यांना या मालाशी स्पर्धा करावी लागली. आपल्याकडे जुन्या वाड्यातील आरसा असो की मंदिरातील झुंबर, त्याला सरसकट ‘बेल्जियम’ म्हणण्याची रीत आहे. त्यांतले काय बेल्जियमचे, काय बर्मिंगहॅमचे आणि काय बोहेमियाचे, हे फारसे कोणी पाहिलेले नाही. याब्लोनेत्सच्या काच व अलंकार संग्रहालयात व्यापाऱ्यांचे नमुना-तक्ते जपलेले आहेत. जाड पुठ्ठ्यावर शिवलेले मणी, त्यांखाली बारीक अक्षरात क्रमांक आणि माप. कोणत्या खोऱ्यातल्या, कोणत्या घरातल्या हातांनी ते ओढले, याची नोंद त्या तक्त्यांवर सहसा सापडत नाही. संग्रहालयाचे कर्मचारी ती शोधण्याचे काम करीत आहेत.